एकच मूळ, तीन स्क्रिप्ट: 'मेक' नेमकं करतं काय?

ऑडिओ ऐकायला वेळ नसेल, तर हा आजच्या भागाचा मजकूर.

भुसावळ जंक्शनवरची घोषणा आठवा. गाडीचा नंबर बदलतो, फलाट बदलतो, बाकीचं वाक्य तेच. दर गाडीसाठी कोणी माईकसमोर बसून अख्खं वाक्य बोलत नाही. रेकॉर्ड केलेले तुकडे कॉम्प्युटर क्रमाने जोडतो. स्क्रिप्टचंही असंच करता येतं.

समजा, एकाच मालकाची भुसावळ, यावल आणि रावेरला दुकानं आहेत. रोज रात्री बिलांचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट तिन्हीकडे हवी. काम तेच, फक्त फोल्डरची नावं वेगळी. आपण सहसा काय करतो? कॉपी-पेस्ट! मग कधीतरी एक चूक सापडते, भुसावळच्या फाईलमध्ये दुरुस्त होते आणि रावेरला जुनीच स्क्रिप्ट चालत राहते. बॅकअप नीट होत नव्हता हे कळतं कधी? हार्डडिस्क गेल्यावर.

म्हणून सामायिक काम एका फाईलमध्ये ठेवा आणि प्रत्येक दुकानाच्या चार ओळी त्याच्या वेगळ्या फाईलमध्ये. जोडायचं काम 'मेक'चं. 'मेकफाईल'मध्ये तीन गोष्टी लिहायच्या: काय बनवायचं, ते कोणत्या फाईलींवर अवलंबून आहे आणि कोणत्या कमांडने बनतं. इथे 'कॅट' कमांड पुरते. दुकानाची फाईल आधी, सामायिक नंतर, कारण फोल्डरचं नाव वापरण्याआधी ते ठरलेलं पाहिजे. टक्क्याचं चिन्ह वापरलं की तिन्ही दुकानांना एकच नियम चालतो.

खरी गंमत पुढे आहे. मेक फाईल बदलल्याची वेळ बघतं. यावलची फाईल बदलली, तर फक्त यावलची स्क्रिप्ट नव्याने बनते. सामायिक फाईल बदलली, तर तिन्ही. लक्षात ठेवायचं काम तुमच्या डोक्यावर राहत नाही.

हे टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्ती झाली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाईलच झाली नव्हती. म्हणजे आपल्या रावेरसारखंच! याच कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

दोन गोष्टी सांभाळा. कमांडच्या ओळीआधी टॅबच द्या, स्पेस चालत नाही. आणि तयार झालेली स्क्रिप्ट हाताने बदलू नका. मूळ फाईल बदलली की मेक तिच्यावर नवी लिहील आणि तुमचा बदल गायब होईल. बदल नेहमी मूळ फाईलमध्येच करा.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर 'टर्मक्स' टाका, त्यात मेक इन्स्टॉल करा आणि दोन छोट्या फाईली जोडून बघा. मग मेक पुन्हा चालवा. काहीच बदललं नसेल, तर ते काहीच करणार नाही. तेच बघायचंय!