ईएक्सई फाइल मॅकवर का चालत नाही?

विंडोजची ‘सेटअप डॉट ईएक्सई’ फाइल मॅकवर किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालीवर डबल-क्लिक केली, की सेटअप काही सुरू होत नाही. डाउनलोड अर्धवट झाले असेल, असे समजून बरेच जण तीच फाइल पुन्हा उतरवतात. फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते.

पडद्यावर खिडकी दाखवणे, फाइल साठवणे, इंटरनेटला जोडणे ही कामे प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडून (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली) करून घेतो. ती मागण्याची रीत प्रत्येक सिस्टिमची वेगळी. एका बँकेची पैसे काढायची स्लिप दुसऱ्या बँकेच्या खिडकीत दिली तर परत येते, कितीही बिनचूक भरलेली असली तरी.

फाइलची बांधणीही निराळी. विंडोजचा प्रोग्राम ‘एमझेड’ या दोन अक्षरांनी सुरू होतो (मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरे). लिनक्सच्या प्रोग्राममध्ये त्या जागी ‘ईएलएफ’ ही खूण असते. त्यामुळे फाइलचे नाव बदलून काही साधत नाही.

प्रोसेसर सारखा असला तर चालायला हवे, ही शंका रास्त आहे; पण 2006पासून बरीच वर्षे मॅकमध्येही इंटेलचेच प्रोसेसर होते आणि मॅकच्या सिस्टिमवर ईएक्सई तेव्हाही थेट चालत नव्हती. 1993मध्ये सुरू झालेले ‘वाइन’ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या पद्धतीच्या मागण्या लिनक्स किंवा मॅकला समजतील अशा करून देते. सगळेच प्रोग्राम त्यावर चालतात असे मात्र नाही. आधी आपल्या सिस्टिमसाठीची आवृत्ती मिळते का, ते पाहावे.