धुऱ्याचा तंटा कसा मिटतो

यवतमाळ जिल्ह्यात पेरणीच्या तोंडावर भांडण पेटतं ते बहुधा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, नाहीतर पांधण रस्त्यावरून. एकाचं औत दोन तासं पलीकडे सरकतं, दुसरा काठी घेऊन येतो.

बंजारा तांड्यात असा वाद पूर्वी नायकाकडे जाई. नायक, कारभारी आणि जाणती मंडळी नसाबात, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत बसत, दोन्ही बाजू सर्वांदेखत बोलत, दंड ठरे. माझ्या मते खरा धाक दंडाचा नव्हताच. चारचौघांत दिलेला शब्द फिरवणं जड जाई.

पुढे गावकारभाराची रीत बदलली. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी १९६० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे तांड्यातच वाढलेले वसंतराव नाईक होते. तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नायकपण बहुधा घराण्यात चाले. सरपंच मतांवर ठरू लागला. बैठकीची सवय मात्र गेली नाही. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेनं तीच सवय ग्रामसभेला जोडली.

आता क्रम असा. ग्रामसभा तंटामुक्त समिती निवडते. अर्ज आला की नोंदवहीत तो दिवाणी, महसुली, फौजदारी की इतर, हे लिहिलं जातं. मग दोघांना बोलावणं. धुऱ्याचं भांडण शब्दांनी सुटत नसेल तर भूमी अभिलेखची मोजणी मागवावी लागते. इथेच बरेच दिवस जातात, आणि तेवढ्यात राग निवतो, हाही एक फायदाच. तोडगा निघाला की तडजोडनामा, सह्या, साक्षीदार. प्रकरण आधीच न्यायालयात असेल तर तडजोड लोकअदालतीपुढे ठेवता येते. तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे गावात मिटवायचे नसतात. ते पोलिसांचं काम.

घाटंजी, केळापूर, मारेगाव, राळेगावच्या अनुसूचित गावांत आणखी एक आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं तंटे सोडवण्याची पारंपरिक रीत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची बैठक त्यामुळे कायद्याबाहेरची राहत नाही.

पण जुन्या पंचांचं एक हत्यार काढून घेतलं आहे. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समितीचा निर्णय मान्य नसेल, तर तिच्या बैठकीतून उठून तहसीलची किंवा न्यायालयाची वाट धरण्याची मोकळीक कुणालाही आहे.