स्वमग्न बालकाचे दृष्टि-अवधान आणि शब्दार्थग्रहण

लिओ कॅनर ह्यांनी १९४६ साली एका स्वमग्न बालकाची हकीकत नोंदविली आहे. ते दोन वर्षांचे असता त्याची आई स्वयंपाकघरात काम करता करता त्याला बडबडगीत म्हणून दाखवीत होती. इतक्यात तिच्या हातून पातेले पडले. तेव्हापासून पातेल्यासारखे काहीही दिसले की ते बालक त्या गीतातील दोन शब्द उच्चारू लागले. कॅनर ह्यांनी अशा उक्तींना रूपकात्मक भाषा म्हटले. परंतु येथे रूपक कल्पिण्याचे प्रयोजन आहे काय? शब्द कानी पडला त्या क्षणी जी वस्तू दृष्टीपुढे होती तिलाच तो चिकटला. बोलणारीचे अवधान कोठे होते ह्याची दखल घेतली गेली नाही, इतके म्हटले तरी पुरे.

ही दखल सामान्य मूल फार लवकर घेऊ लागते. दुसऱ्याच्या दृष्टीचा रोख ओळखून तिकडे वळण्याची क्षमता पहिल्या वर्षातच वाढीस लागते, हे स्केफ व ब्रूनर ह्यांनी १९७५ साली दाखविले. पुढे बाल्डविन ह्यांच्या प्रयोगात, दीड वर्षाचे मूल स्वतःच्या खेळण्यात गुंग असताना प्रयोगकर्ती दुसऱ्याच खेळण्याकडे पाहून नवे नाव उच्चारी. मूल मान वर करून तिच्या मुखाकडे पाही व ते नाव तिच्या खेळण्यास जोडी. हाच प्रयोग बॅरन-कोहेन, बाल्डविन व क्रौसन ह्यांनी १९९७ साली स्वमग्न बालकांवर केला, तेव्हा बहुसंख्य बालकांनी नाव स्वतःपुढील खेळण्यास दिले. बौद्धिक विकास मंद असलेल्या, पण स्वमग्न नसलेल्या बहुतेक बालकांनी मात्र ही चूक केली नाही. तेव्हा केवळ बुद्धिमांद्याने तिची उपपत्ती लागत नाही.

ह्यावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात की, बालकास आधी डोळ्याला डोळा भिडविण्यास शिकवावे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. बालक जिकडे पाहत आहे तिकडे बोलणाऱ्याने स्वतःच वळून त्याच वस्तूविषयी बोलावे, हा दुसरा मार्ग आहे. सिलर व सिग्मन ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचे पालक खेळताना असे अधिक वागत, त्या बालकांची भाषा सोळा वर्षांपर्यंतच्या पाहणीत अधिक वाढलेली आढळली. हा सहसंबंध होय, कार्यकारणभाव नव्हे. मातेवर ठपका ठेवणारी, १९५०-६० च्या दशकांत रूढ असलेली व पुढे त्याज्य ठरलेली उपपत्ती ह्या वाटेने पुनश्च आत शिरू देता कामा नये.

न बोलणाऱ्या बालकास समजतच नाही, हाही ग्रह टाकावा लागेल. स्वेन्सन, नेगल्स व त्यांचे सहकारी ह्यांनी २००७ साली दोन चलच्चित्रे शेजारी शेजारी दाखवून, ऐकलेल्या वाक्याशी जुळणाऱ्या चित्राकडे बालक अधिक वेळ पाहते काय, हे मोजले. शब्दक्रम स्वतःच्या बोलण्यात येण्यापूर्वीच तो स्वमग्न बालकांना उमगत होता. पण ती बालके इंग्रजी ऐकून वाढत होती, आणि इंग्रजीत कर्ता कोण हे क्रमच सांगतो. मराठीत ‘हत्ती घोड्याला ढकलतो’ आणि ‘घोड्याला हत्ती ढकलतो’ ह्यांचा अर्थ एकच; सारा भार ‘ला’ ह्या प्रत्ययावर. म्हणून हा प्रयोग मराठीत करावयाचा झाल्यास वाक्यांचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. दोन्ही नामे एकाच लिंगाची घ्यावी लागतील, नाहीतर क्रियापदच कर्ता दाखवून देईल. आणि दुसऱ्या प्रकारचे वाक्य त्यात ठेवावेच लागेल, कारण पहिल्या शब्दास कर्ता समजणारे बालक तेथेच ओळखू येते.