परभणीचं पार्सल

सकाळी आठ-साडेआठला परभणीच्या स्टेशन रोडला नाश्त्याच्या गाड्यांवर कढया तापलेल्या असतात. मुरमुरे पाण्यात बुडवले, लगेच उपसले, दोन्ही तळव्यांत दाबून पिळले. तेलात मोहरी-जिरं तडतडलं की हिरवी मिरची, कांदा, कढीपत्ता, हळद. मग मुरमुरे, वरून डाळव्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. बाजूला तळलेली मिरची किंवा दोन गरम भजे. ही मराठवाड्याची सुशीला. कढईतून प्लेटमध्ये आली की पाच मिनिटांत खायची. पार्सल करून अर्धा तास बंद ठेवली तर मुरमुरा चिवट होतो, कूट ओलावून त्याचे गोळे होतात आणि घरी डबा उघडणारा हळहळतो.

मोबाइलवरून जेवण मागवण्याच्या दिवसांत परभणीचं बाहेरचं खाणं कसं बदललं, हे समजून घ्यायला सुशीला उपयोगी पडते. या जिल्ह्याचं जे खास आपलं आहे, ते बहुतेक गाड्यावर, चुलीपुढे किंवा शेतात बसून खायचं आहे. अ‍ॅपवर खपतं ते वेगळंच: बिर्याणी, पनीर, नूडल्स, पिझ्झा, केक. शहर तेच, खाणारेही बरेचसे तेच. पण पदार्थ बदलला की पैसा जाण्याची वाटही बदलते.

२०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३,०७,१७० होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तरी शहराचा घेर अजून आटोपशीर आहे. दुचाकीला किक मारली की बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. महानगरात लोक रहदारीला कंटाळून जेवण घरी मागवतात. ते कारण इथे फारसं लागू होत नाही, म्हणून परभणीत घरपोच जेवणाची कारणं दुसरीकडे शोधावी लागतात.

जुन्या परभणीत बाहेर जेवणारा म्हणजे परगावचा माणूस. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून लोक कोर्टाच्या तारखेला यायचे, मोंढ्यात माल घेऊन यायचे, दवाखान्यात पेशंट घेऊन यायचे. त्यांच्यासाठी बसस्थानक आणि रेल्वेस्टेशनच्या आसपास खानावळी होत्या. गावातल्या माणसाने खानावळीत जेवणं म्हणजे घरी काहीतरी बिनसलंय, असा लोकांचा समज. चहाच्या हॉटेलात पुरुषांचे अड्डे. बाईमाणसाने तिथे बसायचं नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळे पाळत होते.

त्यात पहिली फट पाडली ती विद्यार्थ्यांनी. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठ आणि पाठोपाठ वाढलेली कॉलेजं, पुढे पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास, यांनी खोली करून राहणारी हजारो मुलं-मुली शहरात आणली. खोली मिळाली की दुसरं काम मेस लावण्याचं. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी एक वेळ सुट्टी किंवा गोड. मेसवर जायचं नसेल तर डबा लावायचा. घराघरांतून पोळी-भाजी-वरण-भाताचे डबे भरून देणाऱ्या बायकांनी हा धंदा उभा केला. कित्येक घरांत मुलांच्या फिया या डब्यांवर भरल्या गेल्या. घरपोच जेवणाचा खरा पाया हाच आहे, आणि अ‍ॅपच्या चर्चेत त्याची नोंद क्वचितच होते. डबा देणारीला माहीत असतं की अमक्या खोलीतल्या मुलाला वांगं चालत नाही, तमकीचा गुरुवारी उपवास असतो.

दुसरा बदल वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोडला झाला. शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर लॉन, झाडं, दिव्यांच्या माळा लावलेली ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट’ उभी राहिली. पाटीवरच्या फॅमिली या शब्दाने बायका-मुलांना बसायची जागा दिली. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलाचा निकाल, साखरपुड्याआधीची बोलणी, सगळं तिथे होऊ लागलं. शेवभाजी, काजूकरी, दालतडका, तंदुरी रोटी हा त्यांचा ठरलेला मेनू. घरच्या स्वयंपाकातून बाईला एका संध्याकाळची सुटका मिळते, ही त्या मेनूतली सर्वांत मोलाची गोष्ट.

मग कोविड आला. एप्रिल २०२१ च्या राज्य सरकारच्या आदेशाने हॉटेलात बसून जेवणं बंद झालं. फक्त पार्सल आणि घरपोच सेवा. ज्यांनी कधी बाहेरचं मागवलं नव्हतं त्या घरांतही पांढऱ्या डब्यांची सवय लागली. हॉटेलवाल्यांनी नाइलाजाने पॅकिंग शिकून घेतलं: रस्सा दुहेरी पिशवीत, कांदा-लिंबू वेगळं, रोटी फॉइलमध्ये. निर्बंध उठले, पण सवय राहिली.

पार्सलला जन्मजात लायक असा पदार्थ परभणीत आधीपासून होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे इथून धावू लागली. हैदराबादशी असलेलं हे नातं ताटात आजही दिसतं. दर्गा रोडच्या परिसरात बिर्याणी, रमजानमध्ये हलीम, घरांत खिचडी-खट्टा. आणि सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला फेब्रुवारीत जी यात्रा भरते, तिच्यात सर्व जातिधर्मांची माणसं खातात-पितात. बिर्याणीची गंमत अशी की दम देऊन झाकलेली असल्यामुळे ती डब्यातही बराच वेळ गरम राहते आणि वाफेने बिघडत नाही. देशभर तेच दिसतं. स्विगीने २०२४ च्या आपल्या वार्षिक अहवालात ८.३ कोटी बिर्याण्यांच्या ऑर्डर नोंदवल्या, मिनिटाला १५८. सुशीलेला जे जमत नाही, ते बिर्याणीला सहज जमतं.

अ‍ॅप कंपन्यांचा लहान शहरांशी व्यवहार मात्र धरसोडीचा राहिला आहे. झोमॅटोची सुरुवात २००८ मध्ये ‘फूडीबे’ या नावाने, हॉटेलांची मेनूकार्डं दाखवणारी वेबसाइट म्हणून झाली. स्विगी २०१४ मध्ये बंगळूरला निघाली. २०१९ च्या आसपास या कंपन्या भराभर जिल्ह्याच्या गावांत शिरल्या. आणि जानेवारी २०२३ मध्ये झोमॅटोने सुमारे २२५ लहान शहरांतून एकदम काढता पाय घेतला. त्या तिमाहीत या सगळ्या शहरांचा मिळून वाटा एकूण ऑर्डरींच्या किमतीत फक्त ०.३ टक्के होता, असं कंपनीनेच भागधारकांना कळवलं. अशा गावांतल्या हॉटेलवाल्याने अ‍ॅपच्या भरवशावर किती उडी मारावी, याचा विचार त्या एका आकड्यावरून करता येतो.

फूडपांडा हे आणखी एक उदाहरण. ही कंपनी भारतात २०१२ मध्ये आली, डिसेंबर २०१७ मध्ये ओलाने तिचा इथला धंदा विकत घेतला आणि २०१९ मध्ये तो जवळपास गुंडाळला. फिलिपिन्सच्या छोट्या शहरांत मात्र फूडपांडा आजही चालते. तिथे कॅरिंडेरिया नावाच्या खानावळी असतात: भाज्या-रश्शांची पातेली पुढे मांडलेली, गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. परभणीच्या बसस्थानकाजवळच्या माणसाला ती जागा परकी वाटणार नाही. अ‍ॅप येवो अथवा जावो, त्या खानावळीही चालूच आहेत.

आता हिशेब पाहू. अ‍ॅप हॉटेलकडून प्रत्येक ऑर्डरवर कमिशन घेतं. ते करारानुसार कमी-जास्त असतं. २० ते २५ टक्के ही नेहमी सांगितली जाणारी पातळी. दोनशे रुपयांच्या पनीरवर २५ टक्के धरले तर पन्नास रुपये गेले. उरलेल्या दीडशेत पनीर, तेल, गॅस, आचारी, भाडं आणि डबा बसवायचा. म्हणून हॉटेलवाला अ‍ॅपवर तीच डिश महाग लावतो. गिऱ्हाइकाला वर डिलिव्हरीचे पैसे आणि प्लॅटफॉर्म फी. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरच्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी अ‍ॅप कंपनीनेच गोळा करून भरायचा आहे. त्यामुळे ज्या छोट्या हॉटेलाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्याच्या गल्ल्यावर कर लागत नाही, पण तीच भाजी अ‍ॅपवरून मागवली की लागतो. सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरीच्या शुल्कावरही १८ टक्के जीएसटी आला.

एवढं सगळं जोडून बिल पाहिलं की परभणीकर काय करतो? हॉटेलला फोन लावतो. गावात ओळख असते. मालक आवाज ओळखतो, “नेहमीचंच ना, तिखट कमी?” म्हणून विचारतो, आणि हॉटेलातलाच पोऱ्या मोटारसायकलवर घेऊन येतो किंवा घरातला मुलगा जाऊन आणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेनूचा फोटो, फोनवर ऑर्डर, दारात स्कॅन करून पैसे. या व्यवहारात कमिशन कुणालाच जात नाही. लहान शहराची ही ताकद आहे आणि हॉटेलवाल्यांनी ती जपायला हवी. अ‍ॅपचा उपयोग आहे तो नव्या माणसाला: बदली होऊन आलेला बँकेचा कर्मचारी, पेशंटजवळ रात्र काढणारा नातेवाईक, एकटी राहणारी शिक्षिका. यांची गावात ओळख नसते, आणि रात्री नऊनंतर त्या शिक्षिकेने एकटीने खानावळीत जाऊन बसायचं म्हटलं तर तिला चार नजरा झेलाव्या लागतात. तिच्यासाठी मोबाइलवरची ती यादी म्हणजे खरोखरची सोय आहे.

ओळखीपलीकडे, पैशांपलीकडे खाऊ घालण्याची रीतही याच शहरातून जाते. नांदेडहून अमृतसरला निघालेल्या सचखंड एक्स्प्रेसच्या प्रवाशांना वाटेतल्या ज्या काही स्थानकांवर लंगर मिळतो, त्यांत परभणी आहे. प्रवासी आपापली भांडी घेऊन तयार असतात, सेवेकरी फलाटावर वाढतात. २६ जानेवारी २०२० ला राज्याने सुरू केलेली दहा रुपयांची शिवभोजन थाळीही जवळपास अशीच: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. मजुराला, परीक्षेच्या तयारीतल्या पोराला तिने मोठा आधार दिला.

आणि भाकरी? परभणी हा ज्वारीचा जिल्हा. इथल्या विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ हे रब्बी ज्वारीचे वाण दिले. २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ आला. एकेकाळी गरिबाचं अन्न म्हणून हिणवलेली भाकरी आता ढाब्यावर मागून घेतली जाते. पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि तव्यावरून थेट ताटात आलेली पापुद्रा सुटलेली भाकरी, यासाठी लोक मुद्दाम गाडी काढून गावाबाहेर जातात. डब्यात घातलेली भाकरी तासाभरात वातड होते. डिसेंबर-जानेवारीतला हुरडा तर शेतातच: कोवळी कणसं आरात भाजायची, हातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं, सोबत तिखट चटणी आणि गूळ. शहरातली कुटुंबं त्यासाठी रविवार राखून ठेवतात. विद्यापीठाचे वाण, बायकांचे डबे आणि रस्त्यावरचे ढाबे यांची सांगड घालून परभणीचं ताट म्हणून काही उभं करता येईल. ते काम अजून कुणी मनावर घेतलेलं नाही, याची चुटपुट लागते.

राहिला तो पिशवी घेऊन फिरणारा मुलगा. परभणीत तो बहुधा आसपासच्या खेड्यातला असतो. घरी थोडी कोरडवाहू शेती, शहरात भाड्याची खोली, दिवसा क्लास आणि संध्याकाळी डिलिव्हरी. पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, गाडीचा हप्ता त्याचा. मे महिन्यात इथला पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीत किमान तापमान राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांत मोजलं जातं. दोन्ही ऋतूंत त्याला रस्त्यावरच राहावं लागतं. नकाशा त्याला कॉलनीच्या तोंडापर्यंत आणून सोडतो. पुढे फोन: “मारुतीच्या मंदिरापासून डाव्या हाताला, दादा, लिंबाच्या झाडासमोर.” दुसऱ्या मोहल्ल्यात हाच पत्ता तो दखनी हिंदीत समजून घेतो. हॉटेलच्या काउंटरवर ताटकळण्याचे पैसे मात्र त्याला बहुधा मिळत नाहीत.

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे ठरावीक पगाराऐवजी कामागणिक पैसे मिळवणारे, होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात जागा दिली. अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरायची आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ई-श्रम पोर्टलवर नोंदणी, ओळखपत्र आणि आरोग्य योजनेचं कवच जाहीर झालं. नोंदणीला आधार आणि मोबाइल नंबर लागतो. मुलांना ही माहिती सांगायची कुणी, हा प्रश्न आहे. कॉलेजं, क्लासवाले, महापालिका आणि हॉटेलचालकांची संघटना यांपैकी कुणीही एखाद्या दुपारी, ऑर्डरी कमी असतात तेव्हा, तासाभराचं नोंदणी शिबिर सहज घेऊ शकतं.