त्या दरबारात पुलकेशी होता का?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरून मागे वळलं, की दाराशेजारच्या भिंतीवर एक दरबार दिसतो. मध्ये आसनावर राजा, भोवती परिवार आणि समोरून आत येणारे दाढीवाले, टोकदार टोप्यांचे परदेशी पाहुणे. पहिल्याने मोत्यांची माळ पुढे केली आहे. ‘इराणी राजदूत पुलकेशीच्या दरबारात’ हे या चित्राचं नाव मराठी माणसाच्या ओळखीचं.

नाव ठेवलं जेम्स फर्ग्युसन यांनी, १८७९ साली. आधार होता अरबीत लिहिणाऱ्या इतिहासकार तबरीचा. इराणच्या दुसऱ्या खुस्रूच्या छत्तिसाव्या राज्यवर्षी, म्हणजे साधारण ६२५-६२६ मध्ये, हिंदुस्थानच्या एका राजाने त्याला आणि त्याच्या मुलांना पत्रं नि भेटी पाठवल्या, असं तबरी सांगतो. अरबी लिपीतलं त्या राजाचं नाव ‘पुलकेशी’, म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, असं वाचलं गेलं. लेण्याच्या छतावर मद्यपान करणारा टोपीवाला होताच. तो खुस्रू ठरला आणि त्याच्या शेजारची त्याची राणी शिरीन.

मात्र तबरीच्या मजकुरात दूत हिंदुस्थानातून इराणला जातात. इराणहून इकडे कोणी आल्याचं त्यात नाही. ती परतभेट फर्ग्युसन यांनी गृहीत धरली. एवढ्या नाजूक धाग्यावर एवढं वजनदार नाव टांगलं गेलं.

ते निसटलं ते काळाच्या प्रश्नावर. पहिल्या लेण्यात बांधणीचा काळ सांगणारा लेख नाही, तेव्हा शेजारच्या लेण्यांना विचारावं लागतं. सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा शिलालेख विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची वाकाटक वंशावळ देतो. वराहदेव हा हरिषेणाचा मंत्री आणि या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम. वाकाटकांच्या लेखांचा पायाभूत ग्रंथ वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये सिद्ध केला. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तर दारांच्या बिजागऱ्या-खाचा आणि खांबांची घडण यांची लेण्यालेण्यांत तुलना करून बांधकामाचा क्रम लावला. त्यांच्या मते पहिलं लेणं हरिषेणाच्या काळातलं, साधारण ४६० ते ४७७ मधलं. त्यांची काटेकोर वर्षं सर्वांना मान्य नाहीत; पण पाचव्या शतकाचा उत्तरार्ध मानला, तर ६१० मध्ये गादीवर आलेला पुलकेशी या भिंतीवर येणार कसा?

मग हा राजा कोण? जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलोफ यांनी भिंतीवरचे प्रसंग बौद्ध कथांशी ताडून पाहिले आणि महासुदर्शनाची कथा ओळखली. कुशिनगरासारख्या आडगावी बुद्धांनी देह ठेवू नये, असं त्यांचा शिष्य आनंद विनवतो. तेव्हा बुद्ध सांगतात, हीच पूर्वी कुशावती नावाची वैभवनगरी होती आणि इथला चक्रवर्ती महासुदर्शन मीच होतो. पाली सुत्तात प्रजा त्या राजाकडे धन घेऊन येते आणि तो ते नाकारतो. हे वाचून पुन्हा भिंतीकडे पाहावं. मोत्यांची माळ पुढे करणाऱ्याचा हात तोच, पण आता राजकीय मुजऱ्याऐवजी नजर जाते ती राजा काय करणार याकडे.

चित्रकाराने टोपीवाले परदेशी का रंगवले, याचं उत्तर रंगातून मिळतं. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या निळ्यात लाजवर्द सापडला आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. तो इथवर आणणारे व्यापारी दख्खनेत येत असणार. चक्रवर्तीच्या दरबारात दूरदूरचे लोक हवेत, म्हटल्यावर चित्रकाराला ते चेहरे शोधायला लांब जावं लागलं नसेल.