१२० ग्रॅमचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात जून महिन्यात बियाण्यांच्या दुकानांबाहेर टाकून दिलेली बारकी पाकिटं कैक वर्षं दिसायची. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर मिळणारं १२० ग्रॅम नॉन-बीटी बी. त्या फेकलेल्या बियाण्यामागे आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या परंपरेतलं गणित आहे, हे कळल्यावर एका तरुण कीटक-अभ्यासकाबरोबर मी पैठणकडच्या एका रानात गेले.

काम तसं रुक्ष. कामगंध सापळ्याची पिशवी सोडायची, गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, वहीत लिहायचं. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की धोका. सापळ्यातल्या रबरी गोळीला मादीचा वास असतो म्हणे. माझ्या नाकाला काही लागला नाही. मग डोमकळ्या. अळीने आतून शिवून टाकलेलं फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याने एक नखाने उकललं. आत इवलीशी अळी. "हिचे आईबाप कुठल्या झाडावर वाढले, एवढं कळलं की झालं," तो म्हणाला.

सगळी मेख त्या आईबापांत आहे. हाल्डेन यांनी १९२४ पासून नैसर्गिक निवडीची समीकरणं मांडली, मँचेस्टरच्या काळ्या पतंगांवर ती लावून पाहिली. अप्रभावी गुण विरळा असला की निवडीच्या तावडीत जवळजवळ सापडतच नाही. समजा, बीटी कपाशी स्वतःच तयार करते ते विष पचवणारं अप्रभावी जनुक हजारात एक आहे. मग ते आई आणि बाप दोघांकडून मिळालेली अळी दहा लाखांत एक. ती जगली, पण तिला साध्या कपाशीवर वाढलेला जोडीदार मिळाला, तर पिल्लं बीटी खाऊन मरतात. १२० ग्रॅम बी या जोडीदारांसाठी. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभरा तरी आहे. गुलाबी अळीचा आपल्याकडे जवळजवळ सगळा संसार कपाशीवरच.

२००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. २०१७ च्या हंगामात ते विष पचवणाऱ्या गुलाबी अळीने महाराष्ट्रभर बोंडं किडली.

शेतकऱ्यांनी १२० ग्रॅम पेरलं नाही, म्हणून दोष त्यांचा, असं अहवालांत वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. "आळी पोसायला बी पेरू व्हय मी? अन् शेजारचा पेरणार न्हाई," रानाचे मालक म्हणाले. नुकसान एकाच्या बांधावर, फायदा तालुक्याचा. एवढं गणित त्यांनाही येतं. आता तेच बी मुख्य पिशवीतच मिसळून द्यायची पद्धत आलीय, म्हणजे विचारायचाच प्रश्न नाही.

त्या दिवशी पिशवीत अकरा पतंग निघाले.

"मामा, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. फरदड ठेवू नका."

"आन् जानेवारीत भाव वाढला तर, साहेब?"