पेटीतली हवा

पावसाळ्यात कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. जूनमध्ये मीठ चिकट होतं, मग त्याचे गोळे होतात आणि आषाढात बरणीच्या तळाशी खारं पाणी साचतं. यामागे एक नेमका आकडा आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं आणि ती खाली आली की पुन्हा सुकू लागतं. घरातल्या बायकांनी हा आकडा ऐकलेला नव्हता, पण मिठात तांदळाचे दाणे टाकून त्या त्याच्याशीच झगडत होत्या.

हेच मीठ आणि हाच ७५चा आकडा जगभरच्या अनेक घरांत एका लाकडी पेटीच्या कामी येतो. पेटीचं नाव ह्युमिडॉर. तिच्यात चिरूट ठेवतात. वरून ती दागिन्यांच्या डब्यासारखी दिसते, पण दागिना कुठल्याही डब्यात दागिनाच राहतो. चिरूट तसा राहत नाही. म्हणून या पेटीला आतली हवाच सांभाळावी लागते. बाहेर मे महिन्यातली पुण्याची दुपार असो की जुलैतली मुंबई, पेटीच्या आत ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान राहायला हवं. ना चाक, ना मोटर. तरीही हे एक यंत्र आहे, आणि मला ते फार शहाणं यंत्र वाटतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तंबाखूचा धूर कुठल्याही रूपात घातकच असतो. चिरूट त्याला अपवाद नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. हा लेख धूम्रपानाच्या बाजूने लिहिलेला नाही. एक पान वर्षानुवर्षं जिवंतासारखं ठेवण्याची जी विद्या माणसाने कमावली, तिच्याबद्दल हा लेख आहे.

गुंडाळलेलं पान

‘चिरूट’ हा शब्द मुळात तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात इतके ओळखीचे होते की शेरलॉक होम्स आपल्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत त्यांच्या राखेवरून माग काढतो. पण या कारागिरीची राजधानी क्यूबा. तिथल्या पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता आबाहो भागात पिकणारी पानं आणि हवानाच्या कारखान्यांतले ‘टोर्सेदोर’, म्हणजे चिरूट वळणारे कारागीर, ही जोडी जगाने मानली आहे.

चांगल्या चिरुटात कागद नसतो. आत दुमडलेल्या पानांचं भरण, त्यावर ते बांधून ठेवणारं एक पान आणि सगळ्यांत वर नसांचं जाळं जेमतेम दिसेल असं तलम, तेलकट पान. कारागीर ‘चावेता’ नावाच्या अर्धगोल पात्याने हे वरचं पान कापतो आणि तिरकं ओढत गुंडाळतो. पान ओलसर नसेल तर हे शक्यच नाही. तंबाखू पिकवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. वाळवलेली पानं तो भर दुपारी हाताळत नाही; दव पडलेलं असतं, हवा ओली असते, अशी वेळ तो निवडतो. कोरडं पान हातात चुरतं, ओलसर पान रेशमासारखं वळतं.

पुढे ही पानं ढिगांत रचून आंबवतात. ढीग आतून तापतो, अमोनिया निघून जातो, कडवटपणा उतरतो. वळून झालेल्या चिरुटातही हे बदल थांबत नाहीत, फक्त मंदावतात. आत साखर असते, सुगंधी तेलं असतात आणि पानाच्या पेशींत पाणी असतं. या पाण्याचं हवेशी सतत देणं-घेणं चालू राहतं.

हवा कोरडी असेल तर आधी पाणी जातं, मग तेलं उडू लागतात. वरचं पान ठिसूळ होऊन तडकतं. चिरूट भराभर आणि जास्त तापून जळतो, चव तिखट होते. हवा फार ओली असेल तर भरण फुगतं, वरचं पान शिवणीवर उसवतं, धूर ओढला जात नाही आणि बुरशी येते. या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद आहे.

कडुनिंबाचा दूरचा भाऊबंद

उत्तम पेटीच्या आतलं अस्तर ज्या लाकडाचं असतं, त्याला व्यापारात ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. हे झाड स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला हा ‘सेड्रेला ओडोराटा’. कूळ मेलिएसी, म्हणजे महोगनीचं, आणि आपल्या कडुनिंबाचंही. आपल्याकडचा तून हा वृक्ष तर त्याचा इतका जवळचा नातलग की वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्यालाही सेड्रेलाच म्हणत. तेच तुनीचं लाकूड सतारीसाठी वापरतात. हलकं, सुगंधी, हवा बदलली तरी फारसं न वाकणारं: मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराला लाकडात जे गुण हवेत, जवळजवळ तेच चिरुटाच्या पेटीलाही हवे असतात.

हे लाकूड ओल शोषतं आणि हवा सुकू लागली की हळूहळू परत सोडतं. पेटीतली हवा एकदम हेलकावे खात नाही, ती यामुळे. त्याचा वास पानाच्या वासाला साथ देतो, दाबत नाही. देवदारासारख्या खऱ्या सीडरचं तेल इतकं उग्र असतं की चिरुटाला त्याचाच वास लागेल. आतलं लाकूड कधी पॉलिश करत नाहीत, कारण पॉलिश म्हणजे त्याचा श्वास बंद करणं. बाहेरून हवा तेवढा मुलामा द्यावा.

हे झाड इतकं तोडलं गेलं की २०२०पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येऊन नियंत्रित झाला आहे. जुनी पेटी दुरुस्त करून वापरण्याला त्यामुळे आज वेगळाच अर्थ आला आहे.

पेटीचा खरा कस झाकणाला लागतो. चांगलं झाकण सोडलं की आपटत नाही. आतल्या हवेच्या गादीवर टेकत, हळू बसतं. झाकणात कागदाचा तुकडा धरून ओढला तर तो अडायला हवा. अंधाऱ्या खोलीत आत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावलं की कुठल्या फटीतून हवा निसटते ते उजेडच दाखवतो.

केस, मीठ आणि पाणी

पेटीच्या झाकणात बसवलेलं घड्याळासारखं उपकरण म्हणजे आर्द्रतामापक. त्याचा पूर्वज १७८३ सालचा. जिनिव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने ओलाव्याने माणसाचा केस लांबतो आणि सुकला की आखडतो, हे हेरून केसाच्याच टोकाला काटा जोडला. आजच्या पेट्यांत केसाऐवजी धातूची गुंडाळी किंवा इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. पण स्वस्तातली काट्याची उपकरणं सर्रास पाच-दहा टक्क्यांनी चुकतात, आणि इथे पाच टक्के म्हणजे तडकणं आणि फुगणं यांतलं अंतर.

म्हणून मीठ. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकायचे आणि ते मापकासोबत घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवायचं. आठेक तासांनी पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो चारने कमी सांगतो, हे कळलं. प्रयोगशाळेच्या तोडीची ही तपासणी दोन रुपयांच्या मिठात होते. पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा मला मिठाची बरणी आठवली, आणि इतकी वर्षं ती आपल्याला काय सांगत होती ते उमगलं.

ओल पुरवण्याच्या रीती काळानुसार बदलल्या. आधी ओला स्पंज आला. तो पाणी सोडत राहतो, थांबायचं त्याला कळत नाही. मग निम्मं डिस्टिल्ड वॉटर आणि निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल असं मिश्रण आलं. हवा सत्तरच्या आसपास पोचली की ते हात आखडतं. आता क्षारांच्या संपृक्त द्रावणाच्या पुड्या मिळतात. ६५ किंवा ६९ असा आकडा छापलेली पुडी कोरड्या हवेला पाणी देते आणि ओल्या हवेतलं पाणी घेते. तत्त्व मिठाच्या बरणीचंच, फक्त क्षार वेगळे. पाणी मात्र डिस्टिल्डच हवं; नळाच्या पाण्यातले क्षार साचून स्पंज बुजतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

नवी पेटी आणली की तिच्यात लगेच चिरूट ठेवण्याची चूक बरेच जण करतात. नवं लाकूड तहानलेलं असतं. ते पहिल्याच आठवड्यात चिरुटातलं पाणी पिऊन टाकतं. म्हणून रिकाम्या पेटीत आधी डिस्टिल्ड पाण्याची वाटी किंवा जास्त आर्द्रतेची पुडी ठेवून दोन आठवडे लाकूड मुरू द्यायचं. आकडा स्थिर झाला की मग भरायची, तीही पाऊण. हवेला फिरायला वाव हवा.

हळदीची कीड

पेटीचा सर्वांत मोठा शत्रू दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी भुंगेरा आहे. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. तंबाखूचा किडा म्हणून जग त्याला ओळखतं, पण सांगलीच्या हळद व्यापाऱ्यालाही तो परका नाही. साठवलेल्या हळदीला टोचून चाळण करणारा तो हाच. त्याची अंडी शेतातून आणि गोदामातून पानासोबत येतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तापमान साधारण २४ अंशांच्या वर राहिलं की ती उबण्याची भीती वाढते. अळी आतून पोखरत जाते आणि एके दिवशी वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसतं. तोवर शेजारचे चिरूटही गेलेले असतात.

यावर थंडी हाच उपाय. चिरूट घट्ट पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग खोलीच्या तापमानाला. ही पायरी चुकवून एकदम बाहेर काढलं तर वरचं पान तडकतं.

बुरशीचं निदान आजीच्या पानाच्या डब्यासारखंच. ती विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, रोज उलटीपालटी करायची, डाग पडलेलं पान लगेच काढायची. एक सडलं की शेजारची जातात, हे तिला माहीत होतं. चिरुटावर निळसर-हिरवट, कापसासारखे ठिपके दिसले की तो वेगळा काढायचा. भरणापर्यंत, पेटवायच्या टोकाकडून आत बुरशी गेली असेल तर टाकून द्यायचा.

मुंबई, पुणे, नागपूर

ही पेटी थंड, कोरड्या युरोपसाठी घडली. तिथे प्रश्न ओल देण्याचा होता. आजच्या युक्रेनमध्ये १९०६ साली जन्मलेला चिरूट-व्यापारी झिनो दाविदोफ लहानपणी कुटुंबासोबत जिनिव्हाला आला, तरुणपणी लॅटिन अमेरिकेतल्या तंबाखूच्या मळ्यांत शिकला आणि परत आल्यावर त्याने दुकानाच्या तळघरात क्यूबाच्या हवेसारखी हवा निर्माण केली. सोस्यूरने केसाला काटा जोडला, तेच हे गाव.

आपल्याकडे गणित उलटं होतं. मुंबईच्या पावसात बाहेरची हवा ८५ टक्के. तिथे पेटीला ओल बाहेर काढावी लागते आणि लाकडी झाकणाच्या बारीक फटी तिच्याच जिवावर उठतात. अशा वेळी रबरी कडेचा प्लास्टिकचा हवाबंद डबा, आत स्पॅनिश सीडरची एखादी फळी आणि दोन्ही बाजूंनी काम करणारी पुडी हे महागड्या पेटीहून जास्त इमानी ठरतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, तिथे पुडीच दर महिन्याला सुकते. नागपूरच्या उन्हाळ्यात खरी लढाई तापमानाशी, म्हणजे किड्याशी. तिथे वाइनसाठीचं विजेवरचं थंड कपाट लागतं. साधा फ्रिज नको. तो हवा कोरडी करतो आणि कालची भाजी पानाला चिकटवतो.

पेटीला काय किंमत येऊ शकते, याचा एक दाखला. १९६१ साली जॉन केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा विनोदी नट मिल्टन बर्ल यांनी त्यांना एक ह्युमिडॉर भेट दिला. पुढच्याच वर्षी क्यूबाशी व्यापारबंदीच्या आदेशावर सही करण्याआधी केनेडींनी आपले सहायक पिएर सॅलिंजर यांना हजार क्यूबन चिरूट मिळवायला सांगितलं; सॅलिंजर यांनी बाराशे आणले, मग सही झाली. हे सॅलिंजर यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तो ह्युमिडॉर १९९६ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेला.

पण ज्याच्याकडे अशी पेटी आहे त्यालाही आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलावी लागते, आकडा पाहावा लागतो, पुडीजवळचे चिरूट लांब आणि लांबचे जवळ सरकवावे लागतात. दुर्लक्ष झालेला, सुकून कडक झालेला चिरूट पुन्हा ओलसर करता येतो. आधी साठ टक्क्यांच्या हवेत, मग पासष्ट, मग एकोणसत्तर. एकेका पायरीला आठवडे देत. घाई केली तर बाहेरचं पान आतल्याआधी फुगून फाटतं. धीर धरला तर महिन्या-दोन महिन्यांनी बोटांत दाबल्यावर तो पुन्हा लवतो आणि हाताला पहिल्यासारखा वाटतो.

नाकाजवळ नेल्यावर मात्र फरक कळतो. पाणी परत आलेलं असतं. उडून गेलेलं तेल परत आलेलं नसतं.